राहिलेलं क्षौर

मार्चचा शनिवार. ईरीच्या फायर स्टेशनात
लाल बंब बाहेर बर्फात उभे केले होते
आणि त्यांच्या जागी मांडल्या होत्या
घडीच्या अकरा खुर्च्या.
चौथीत मी.

माझ्याकडे द्यायला तसं होतंच काय?
कानांवरची झालर,
आणि डावीकडून उजवीकडे
वर्षानुवर्षं इमानेइतबारे ओढून आणलेले
मोजके काही.
तरी ऑफिसातल्यांनी पैसे लावले.
हिशेब बघणारी ग्लेन्डा म्हणाली,
केसामागे पाच डॉलर, माझं दिवाळं निघत नाही.
माइकवर नाव पुकारलं, डिगमबार.
मी दुरुस्त केलं नाही.
नावातच उघडेपणा आहे
हे त्या गर्दीत कुणाला सांगत बसू?

ऑगी कोवाल्स्की, वय सात, आमचा शेजारी.
दोन उन्हाळ्यांपूर्वी
माझ्या गॅरेजपुढे खडूनं मगरी काढायचा.
आता तोंडाला मास्क, पायांत दोन रंगांचे मोजे,
आणि टकलाच्या बाबतीत
त्याचा शब्द अखेरचा.
माझ्या खुर्चीला एक फेरी मारून म्हणाला:
डोळे मीट. तोंडपण.
केस जिभेला चिकटला की निघत नाही.
लोकरीची टोपी घेऊ नकोस, खाजते.
उशी टोचते. तीन दिवस.
मग थांबतं? मी विचारलं.
माझं थांबलं, म्हणाला. खुंटपण गळले ना.

डार्लीननं मशीन सुरू केलं.

अण्णा गेले तेव्हा मी डेट्रॉइटला होतो.
सोमवारी मुलाखत, दुसरी फेरी.
दहाव्याला कृष्णेच्या घाटावर
माझ्या वाटणीचं क्षौर
चुलतभावानं केलं.
फोनवर म्हणाला, सगळं पार पडलं,
कावळाही लगेच शिवला.
म्हणजे अण्णांनी
माझ्यासाठी खोळंबा केला नाही.
त्या सोमवारी मी
पाणी लावून भांग पाडला. नीट. दोनदा.
नोकरी लागली.
केस तेव्हा दाट होते.
पुढे ते आपणहून गेले, एकेक,
बाथरूमच्या जाळीत,
कुणी हप्त्याहप्त्यानं वसुली करावी तसे.

दोन मिनिटांत आटोपलं.
डार्लीननं ब्रशनं मान झाडली, आरसा धरला.
वाटलं होतं, अण्णा दिसतील.
दिसलं ते
चष्मा लावलेलं उकडलेलं अंडं.
ऑगीनं तळहात ठेवला माझ्या डोक्यावर,
गार, हलका,
आणि ठीक आहे म्हणाला,
रिपोर्ट वाचून डॉक्टर म्हणतात
त्या सुरात.

दोनशे सदतीस डॉलर.
डोक्यावर कर्ज असतं हे ठाऊक होतं,
देणगी पहिल्यांदाच.
एवढ्यात प्रयोगशाळेचं काय येतं,
काचपट्ट्या, की निव्वळ हातमोजे,
मी विचारलं नाही.
त्याची आई टेबलापाशी नोटा मोजत होती,
मोजता मोजता चुकत होती,
पुन्हा पहिल्यापासून.

रात्री आईला फोन लावला. मिरजेत सकाळ.
तिनं पडद्याला जवळजवळ नाक लावलं.
कोण गेलं रे?
कुणी नाही, आई.
मग हे?
कुणी जाऊ नये म्हणून.

बराच वेळ नुसता तिच्याकडचा पंखा ऐकू येत होता.
त्या सोमवारचं ती काही बोलली नाही,
आजवर कधीच बोललेली नाही.
मग म्हणाली, कान झाकून घे.
बर्फ असतो ना तुमच्याकडे.

उशी टोचते.
एक दिवस, दोन दिवस, तीन.
कूस बदलली की
कापडावर खरखर होते,
बायको झोपेतच म्हणते, ए, हळू.
खिडकीतून कोवाल्स्कींच्या जिन्यातला दिवा दिसतो,
तो हल्ली रात्रभर असतो.

आज चौथा दिवस.
माझी अजून टोचते.